मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परदेशातला कॉल एक तासाने चुकतो: कारण आणि उपाय

२०२५चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला होता. आमचा घरचा कॉल दर रविवारी पुण्याच्या संध्याकाळी साडेसहाला असतो. ताई न्यू जर्सीत, धाकटा भाऊ लंडनजवळ स्लाउला, आई आणि मी कोथरूडला. पाडव्याला ही वेळ सोयीची होती, कारण गुढी सूर्यास्ताला उतरवायची आणि त्याआधी भाच्यांना ती बाल्कनीत उभी असलेली दाखवायची होती. ताई वेळेवर आली. भावाचा पत्ता नाही, फोनही लागेना. आईने दहा मिनिटं वाट पाहिली, मग हळदकुंकू वाहून गुढी उतरवली, साखरेची गाठी काढून ताटात ठेवली आणि म्हणाली, "सणाच्या दिवशीसुद्धा याला फोन जड होतो."

प्रत्यक्षात तो साडेपाचलाच येऊन बसला होता. त्याने तीनदा फोन केला तेव्हा आई देवळात होती आणि माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. मग तो मंडळाच्या कार्यक्रमाला गेला, आणि त्या हॉलमध्ये नेटवर्क नाही. हिवाळ्यात त्याने स्वतःच्या फोनवर लावून ठेवलं होतं, 'रविवार दुपारी १, आईचा कॉल'. त्या पहाटे ब्रिटनची घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली. त्याचा दुपारचा एक म्हणजे आमचे साडेसहा, हे आदल्या रविवारपर्यंत खरं होतं. त्या रविवारी त्याच्या एकाला आमच्याकडे साडेपाच वाजले.

सोमवारी ईदची सुट्टी होती. मंगळवारी ऑफिसात गेले तर तेच दुखणं तिथेही. लंडनच्या टीमने लावलेली साडेचारची मीटिंग साडेतीनला येऊन बसली होती, बरोबर आमच्या साडेतीनच्या मीटिंगच्या उरावर. दोन्हीकडे तीच माणसं लागणार होती.

मी खराडीत चौदा वर्षं अमेरिका आणि इंग्लंडच्या टीमबरोबर काम करते आहे. हा गोंधळ वर्षातून दोनदा येतो, एक ते तीन आठवडे राहतो आणि लोकांनी त्याचा छडा लावायच्या आत निघून जातो. म्हणून तो कधी मुळापासून दुरुस्तच होत नाही. खाली लिहिलंय ते आमच्या घरी आणि टीममध्ये लागू पडलेलं आहे.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

आपली घड्याळं बदलत नाहीत, त्यांची बदलतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी चूक होते, कारण दर आठवड्याला येणारी प्रत्येक वेळ कुठल्यातरी एका गावची असते आणि ते गाव कोणतं हे आपण ठरवलेलंच नसतं. आमच्या रविवारच्या कॉलला दोन मालक होते. माझ्या डोक्यात तो पुण्याचा साडेसहाचा होता, भावाच्या फोनमध्ये लंडनचा एकचा. हिवाळाभर दोन्ही जुळत होतं म्हणून भांडण दिसलं नाही.

कॅलेंडरमधल्या मीटिंगचंही असंच. ज्याने ती लावली त्याचा टाइम झोन तिला चिकटलेला असतो. लंडनच्या माणसाने 'दर मंगळवारी ११' लावली तर ती लंडनच्या अकराला बांधलेली. तिथली घड्याळं पुढे गेली की ती आपल्याकडे तासभर आधी येणार. तुम्ही पुण्यातून लावली असेल तर ती आपल्याकडे हलणार नाही, त्यांच्याकडे हलेल. कॅलेंडर दोन्ही वेळा सांगितलं तेच करत असतं.

तपासायची सोपी युक्ती अशी. सप्टेंबरमध्येच, शांतपणे चहा घेत, कॅलेंडर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुढे सरकवा. जी मीटिंग तुमच्या पडद्यावर जागची हलली, तिचं गाव परदेशात आहे. जी हलली नाही, तिचं गाव भारतात. मार्चसाठी हेच फेब्रुवारीत करायचं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठली मीटिंग कुठल्या मीटिंगवर चढणार तेही तिथेच दिसतं.

घड्याळं कधी बदलतात

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. हा नियम २००७ पासूनचा. त्याआधी तिकडे एप्रिल ते ऑक्टोबर असा हिशेब होता, त्यामुळे जुन्या लोकांनी सांगितलेल्या तारखांवर विसंबू नका. ब्रिटन आणि युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे.

या दोन नियमांच्या मधल्या फटीत सगळी गंमत आहे. २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला बदलली आणि ब्रिटन २९ मार्चला, म्हणजे मध्ये तीन आठवडे. शरद ऋतूत ब्रिटन २५ ऑक्टोबरला मागे येतो आणि अमेरिका १ नोव्हेंबरला, म्हणजे एक आठवडा. २०२७ मध्ये अमेरिका १४ मार्च, ब्रिटन २८ मार्च. एरवी न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पाच तासांचं अंतर असतं, या फटीत ते चार होतं. तुमच्या कॉलवर पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क असे तिघंही असतील तर तेवढे दिवस कुणाचंच पाठांतर कामाला येत नाही.

हे सगळं शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री होतं, पण आपल्याकडे तेव्हा रविवार उजाडलेला असतो. ब्रिटनमधला बदल आपल्या सकाळी साडेसहाला होतो. अमेरिकेत प्रत्येक भाग आपापल्या रात्री दोनला बदलतो. मार्चमध्ये न्यूयॉर्क बदलतं तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा असतात आणि कॅलिफोर्नियाची वेळ यायला साडेतीन वाजतात. म्हणून त्या रविवारी आपल्या सकाळी ताईशी बोलताना तिला 'आत्ता किती वाजले' विचारून संध्याकाळचा हिशेब करू नका. मी एकदा केला होता.

भारताच्या वेळेशी अंतर असं, आधी हिवाळ्यातलं, मग उन्हाळ्यातलं:

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, बॉस्टन: साडेदहा तास मागे, साडेनऊ तास मागे
शिकागो, डॅलस: साडेअकरा, साडेदहा
कॅलिफोर्निया, सिएटल: साडेतेरा, साडेबारा
लंडन, डब्लिन: साडेपाच, साडेचार
जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स: साडेचार, साडेतीन

सिडनी-मेलबर्नचं गणित उलटं, कारण त्यांचा उन्हाळा आपल्या दिवाळीनंतरचा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत ते आपल्या साडेपाच तास पुढे असतात, एरवी साडेचार. त्याच देशातलं ब्रिस्बेन मात्र घड्याळाला हात लावत नाही. दुबई, सिंगापूर, टोकियोवाल्यांनाही ही कटकट नाही.

अमेरिकेतही एक पाचर आहे. ॲरिझोना राज्य घड्याळ बदलत नाही, फक्त तिथला नवाहो लोकांचा प्रदेश बदलतो. त्यामुळे फिनिक्स आपल्यापासून बारमाही साडेबारा तास मागे असतं. हिवाळ्यात ते डेन्व्हरबरोबर, उन्हाळ्यात लॉस एंजेलिसबरोबर. आमच्या टीममध्ये एक जण फिनिक्सचा होता. बाकी अमेरिका सरकली की तो त्याच्याच देशातल्या लोकांच्या मीटिंगला चुकायचा, आणि आम्हाला बघून 'तुम्ही तरी माझ्यासारखे' म्हणायचा.

दुरुस्ती: वेळेला गाव द्या

प्रत्येक नेमाच्या कॉलचं गाव एकदा ठरवून टाका. ठरवताना एवढंच बघायचं, की कुणाला वेळ बदललेली सगळ्यात कमी चालेल. ग्राहकाबरोबरचा कॉल ग्राहकाच्या गावचा, आपण हलू. फक्त भारतातल्या लोकांची मीटिंग पुण्याची. तिघांची असेल तर बहुतेकांचं ज्यात भलं ते. आमच्या घरी कॉलचं गाव पुणे, कारण आईची संध्याकाळची पूजा, मालिका आणि जेवण यांच्या मध्ये तेवढाच अर्धा तास रिकामा असतो. ताईला हिवाळ्यात सकाळचे आठ आणि उन्हाळ्यात नऊ पडतात, तिची तक्रार नाही.

ठरलं की ते कॅलेंडरमध्ये लिहा. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंग बदलायला उघडली की वेळेजवळच 'टाइम झोन' दिसतं. आउटलुकमध्ये ते बटण मीटिंगच्या खिडकीत शोधावं लागतं. तिथे पुण्याच्या वेळेसाठी 'कोलकाता' निवडायचं. यादीत पुणे शोधत बसू नका, भारताची एकच वेळ आहे आणि बऱ्याच याद्यांमध्ये ती कोलकात्याच्या नावावर आहे. बदल फक्त त्या दिवसापुरता न करता पुढच्या सगळ्या मीटिंगना लावा. हे ज्याने मीटिंग लावली त्यालाच करता येतं. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर जुनी बंद करून नवी लावा. लोक तिथेच अडून बसतात आणि दर आठवड्याला 'आजची अर्धा तास पुढे घेऊ या का' करत राहतात.

एक कारण मला सापडायला दोन वर्षं लागली, म्हणून सविस्तर सांगते. आमची रोजची सकाळी साडेदहाची मीटिंग. सगळी माणसं पुण्यातली, लावणारे आमचे साहेबही पुण्यातले. तरी मार्चमध्ये एका सोमवारी ती साडेनऊला आली. कुणी म्हणालं सर्व्हर बिघडला, कुणी फोन बंद करून चालू केला. शेवटी मी मीटिंग उघडून टाइम झोन पाहिला, तर 'न्यूयॉर्क'. साहेब जानेवारीत दोन आठवडे तिकडे गेले होते आणि हॉटेलात बसून त्यांनी ती लावली होती. लॅपटॉप तेव्हा तिकडच्या वेळेवर होता. त्यांनी लावले न्यूयॉर्कचे रात्रीचे बारा, म्हणजे आपले साडेदहा. ते परत आले, लॅपटॉप पुण्याच्या वेळेवर आला, मीटिंग मात्र न्यूयॉर्कलाच राहिली. मार्चपर्यंत कुणाला कळायचं काहीच कारण नव्हतं. तुमच्याकडे कुणी परदेशवारीत असताना काही लावलं असेल तर ते आधी तपासा.

ईएसटी लिहिणं बंद करा

'उद्या आठ वाजता ईएसटी' असे निरोप बारा महिने फिरतात. ईएसटी म्हणजे न्यूयॉर्कच्या बाजूची वेळ, पण फक्त हिवाळ्यातली. उन्हाळ्यात तिकडे ईडीटी असते. बोलणाऱ्या अमेरिकनाला फक्त 'न्यूयॉर्कची वेळ' म्हणायचं असतं, पण जुलैमध्ये आपल्याकडचा नवा मुलगा वेळ काढायच्या साइटवर शब्दशः 'ईएसटी' टाकतो आणि ती साइट प्रामाणिकपणे साडेदहा तासांचा फरक सांगते. त्याला साडेसहा मिळतात, कॉल साडेपाचला सुरू झालेला असतो. दोष कुणाला द्यायचा?

आपलं आयएसटीही निर्धोक नाही. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचं आद्याक्षरी नावही आयएसटीच आहे आणि इस्रायलच्या वेळेलाही तेच म्हणतात. डब्लिनच्या बाईंना मी जूनमध्ये 'तीन वाजता आयएसटी' लिहिलं आणि त्यांनी ते त्यांचे तीन समजून घेतले. त्यांच्या बाजूने अगदी बरोबर होतं.

म्हणून आता मी गावांची नावं लिहिते, वारासकट. 'मंगळवार, २७ ऑक्टोबर. पुणे संध्याकाळी ५:३०, लंडन दुपारी १२, न्यूयॉर्क सकाळी ८.' हा नमुना मुद्दाम २०२६च्या फटीतल्या आठवड्यातला घेतला आहे. एरवीच्या सवयीने न्यूयॉर्कच्या आठला लंडनमध्ये एक वाजायला हवा, तो इथे वाजत नाही. तीन गावं लिहिली की त्यातलं कुणीतरी चूक पकडतंच.

विंडोजच्या यादीत 'ईस्टर्न टाइम'पुढे यूटीसी (जगाची प्रमाण वेळ, ती कधी बदलत नाही) वजा पाच लिहिलेलं असतं, आणि ते उन्हाळ्यातही तसंच दिसतं. ते चुकलेलं वाटून काही जण वजा चार शोधतात आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याची वेळ निवडून मोकळे होतात. मग सगळंच तासाने सरकतं. वजा पाचवालीच निवडा, उन्हाळ्याचा तास ती आतून सांभाळते.

घड्याळ हाताने पुढे-मागे करू नका

मीटिंग तासभर चुकीची दिसते म्हणून लॅपटॉपचं घड्याळच तासभर सरकवणारे लोक आहेत. आमच्याकडे एकाने केलं. पडद्यावरची वेळ त्याला हवी तशी दिसली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरता येईना. त्याचा सहा आकडी कोड देणारा प्रोग्राम त्याच लॅपटॉपवर होता. तो कोड दर तीस सेकंदांनी घड्याळावरूनच तयार होतो. घड्याळ तासभर खोटं, म्हणून कोडही खोटा. बिचाऱ्याने तीनदा पासवर्ड बदलला. वेळ चुकीची वाटली तर आधी टाइम झोन बघा, तारीख-वेळ 'आपोआप'वर ठेवा आणि सिस्टिमचे अपडेट टाळू नका. देश नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात हा प्रकार बंद केला, इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा सुरू केला. जुन्या फोनला हे कुणीतरी कळवायला लागतं.

रात्री आपोआप चालणारी कामं तुमच्याकडे असतील तर एवढंच लक्षात ठेवा, न्यूयॉर्कच्या वेळेवरच्या यंत्रात मार्चच्या त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, दोनवरून घड्याळ थेट तीनवर जातं. नोव्हेंबरच्या रात्री दीड दोनदा वाजतो. दीडचा रिपोर्ट दोनदा जाऊ शकतो, अडीचचा बुडू शकतो. अशी यंत्रं यूटीसीवर ठेवावीत.

आणि अमेरिकेच्या शिफ्टमध्ये असाल तर नोव्हेंबरात तुमची साडेपाच ते अडीचची शिफ्ट साडेसहा ते साडेतीन होते. कॅबवाल्यांच्या यादीत आणि डबा देणाऱ्या मावशींना हे आदल्या शुक्रवारीच सांगा. सोमवारी सांगून काही उपयोग होत नाही, कॅब साडेचारलाच येऊन हॉर्न वाजवते.

आई तिकडे गेलेली असेल तर

गेल्या वर्षीच्या आधी एकदा आई मार्चमध्ये ताईकडे होती. रविवारी उठली, फोनवर आठ, स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर सात. आईने मायक्रोवेव्हवर विश्वास ठेवला, कारण तो भिंतीला पक्का बसवलेला आहे. देवळात न्यायला येणाऱ्या मैत्रिणीची गाडी दारात उभी राहिली तेव्हा आईची आंघोळ व्हायची होती. फोन आणि लॅपटॉप आपले आपण बदलतात. मायक्रोवेव्ह, ओव्हन, भिंतीवरचं घड्याळ आणि बऱ्याच गाड्यांमधलं घड्याळ हाताने बदलावं लागतं. घरी आई-बाबा असतील तर हे शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी करा. ताई गाडीतलं बदलतच नाही, 'काही महिन्यांनी ते आपोआप बरोबर होतं' म्हणते.

पंचांगाचा घोळ यापेक्षा मोठा. पुण्याहून नेलेल्या दिनदर्शिकेत तिथी कधी संपते ते दिलेलं असतं. तो क्षण साऱ्या जगाला एकच असतो, म्हणून तिथे साडेनऊ किंवा साडेदहा तास वजा करायचे. तिथी आपल्या रात्री आठला संपत असेल तर न्यू जर्सीत उन्हाळी वेळेत सकाळी साडेदहाला संपली, हिवाळ्यात साडेनऊला. पण संकष्टीच्या चंद्रोदयाला ही वजाबाकी चालत नाही. पुण्यात चंद्र कधी उगवला याचा न्यू जर्सीतल्या चंद्राशी संबंध नाही, तो तिथल्या क्षितिजावर उगवणार. त्या गावचा चंद्रोदय बघायचा, आणि जिथे बघाल तिथे उन्हाळ्याचा तास मिळवलाय की नाही ते एकदा तपासायचं. तपासायला तिथला सूर्योदय पुरतो. पंचांगातला सूर्योदय आणि फोनवरच्या हवामानातला सूर्योदय यात बरोबर तासाचा फरक दिसला, तर पंचांगाने तो तास धरलेला नाही. आई एकदा मोदकांचं ताट झाकून तासभर जास्त बसली होती, ते याच कारणाने.

आईनेच विचारलं होतं, "हे लोक हे करतातच कशाला?" पुण्यात राहून हे पटणं कठीण आहे. आपला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही छोटा असतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांहून मोठा. घड्याळ तसंच ठेवलं तर जूनमध्ये तिथे पावणेचारला ऊन पडेल आणि लोक झोपलेले. विल्यम विलेट नावाच्या इंग्लिश बिल्डरने १९०७ मध्ये पत्रक काढून हीच ओरड केली. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने त्याआधी, १८९५ मध्ये, दोन तास सरकवायचं सुचवलं होतं. त्याला कामावरून सुटल्यावर किडे गोळा करायला उजेड हवा होता. पण सरकारं हलली ती युद्धात. १९१६च्या एप्रिलअखेर जर्मनीने कोळसा वाचवायला घड्याळं पुढे केली आणि तीन आठवड्यांनी ब्रिटननेही. बंद करायचं आता बऱ्याच जणांच्या मनात आहे, पण युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये तसं मत दिलं आणि अमेरिकेच्या सिनेटने २०२२ मध्ये उन्हाळी वेळच कायम ठेवायचं विधेयक मंजूर केलं, तरी दोन्हीकडे गाडी पुढे सरकली नाही. त्यामुळे ही दुरुस्ती शिकून घेणं भाग आहे.

आणि आपण यातून अगदीच सुटलो होतो असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळं तासभर पुढे होती. आमच्या मोठ्या काकांचा जन्म १९४४चा. त्यांची पत्रिका नव्याने करताना गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, "वहीत लिहिलेली वेळ युद्धकाळातली आहे का तास वजा केलेली?" पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दोन तासांत बदलतं, तेव्हा एका तासाने चंद्राची रास नसली तरी लग्न पालटू शकतं. वही आजोबांच्या अक्षरातली, वेळ स्पष्ट लिहिलेली, 'सकाळी ६ वा. २० मि.', पण कुठल्या घड्याळाने ते नाही. जन्म मुंबईचा असता तर आणखी एक भानगड होती, कारण १९५५ पर्यंत तिथे कुठेकुठे भारताच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' चालायचा. काकांच्या दोन पत्रिका करून ठेवल्या आहेत.

भावाची एक युक्ती राहिली. तो पुण्याच्या वेळेचं काट्यांचं घड्याळ मनगटावर उलटं बांधतो, बारा खाली आणि सहा वर. साडेतीन वाजले असतील तर मिनिटकाटा उलटून बारावर दिसतो आणि तासकाटा नऊ आणि दहाच्या मध्ये, ते लंडनचे दहा समजायचे. साडेपाच तासांच्या फरकाची ही करामत आहे आणि पाहुण्यांपुढे ती छान दिसते. फक्त ती मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर चालत नाही, तेव्हा फरक साडेचारचा असतो. २०२५च्या पाडव्याला ते घड्याळ त्याच्या हातात होतंच.

२०२६चा पाडवा १९ मार्चला आला, गुरुवारी, बरोबर फटीत. ताईकडे घड्याळं बदलून गेली होती, भावाकडे बदलायची होती. या वेळी आमंत्रण माझ्या कॅलेंडरवरून गेलं होतं, गाव कोलकाता, साडेसहा. ताईच्या फोनने नऊ दाखवले, भावाच्या फोनने दुपारचा एक. तो ऑफिसच्या जिन्यात डबा घेऊन बसला होता. आईने गुढी उतरवायच्या आधी फोन बाल्कनीत नेला आणि कॅमेऱ्यापुढे गाठी धरून त्याला म्हणाली, "ही तुझ्या वाटची, गेल्या वर्षीची धरून दोन."